तांदळाच्या पिठातले हात

आता सांगायचं आहे ते कोणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वसईतल्या एका नव्याकोऱ्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या बाथरूममध्ये, एका गुरुवारी सकाळी एका नळाने एका बाईला ओळखलं नाही. बाकीच्या सगळ्यांना ओळखलं. लिपस्टिक नीट करायला आलेल्या रिसेप्शनवरच्या मुलीला ओळखलं, फिनेलची बादली घेऊन आलेल्या मावशीला ओळखलं, एवढंच काय, मावशीने नळाखाली धरलेल्या पोछ्यालाही ओळखलं आणि भसाभसा पाणी सोडलं. रिद्धीचे हात मात्र त्याच्याखाली तसेच राहिले, ओंजळ करून, जशी काही ती भिक्षा मागत होती. तिने हात पुढे नेले, मागे घेतले, वर-खाली केले, पालथे केले. नळाच्या नाकावरचा बारीक लाल डोळा तिच्याकडे बघत राहिला. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं मानावं. नळ अजून तिथेच आहे.

शेवटी ती शेजारच्या नळाकडे सरकली, तिथेही तेच. मग भिंतीवरच्या सॅनिटायझरच्या डब्याखाली तिने हात धरला. तो मावशीच्या हातावर आत्ताच फुसकन शिंकला होता, पण हिच्यासाठी त्याने श्वासही सोडला नाही. मावशी म्हणाली, "होतं ताई कधीकधी, जरा जोरात हलवा." रिद्धीने जोरात हलवले. समोरच्या आरशात एक बाई कोणाला तरी लांबून निरोप देत असल्यासारखी हात हलवत होती, आणि ती बाई चांगला इस्त्रीचा ड्रेस घातलेली, केस नीट बांधलेली, नर्सच्या नव्या नोकरीचं पक्कं करायला आलेली अशी होती. हात तेवढे तिचे वाटत नव्हते. मनगटापर्यंत सगळं ठीक होतं, तिथून पुढे कोणीतरी उसने आणून जोडल्यासारखं. आणि तेव्हा, एखाद्या बंद खोलीत अचानक कोणी बोलावं तसं तिला दयारामबाबाचं बोलणं ऐकू आलं. "जावा की बाई. कोन नाय म्हंतो? पन हात हितं ठेवून जावा."

तिने हात खाली घेतले. मग तिला हसू आलं. मग ते हसूही आरशात जरा उशिराने पोचलं असं वाटलं.

दयाराम हा कामणच्या मागे, गोदामं संपून डोंगराची सावली सुरू होते तिथल्या धामणपाड्यातला म्हातारा. आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर तो सकाळपासून बसलेला असायचा, औषध घ्यायचं असो वा नसो. बोलायला लागला की पहिलं वाक्य ठरलेलं, "ह्ये कोनी खरं मानायचं नाय." आणि मग तो सांगायचा, की पाड्यावर आलेली एकही नर्स पुरती परत गेलेली नाही. वैजयंता सिस्टर वर्षभरात बदली करून गेली, पण तिची सावली इथेच राहिली. दुपारी बारा वाजता उपकेंद्राच्या मागे जावं, कोणी नसताना भिंतीवर बाईची सावली कपडे वाळत घालताना दिसते, आणि तिकडे ठाण्याला ती बाई भर उन्हात बिनसावलीची फिरते. मार्था सिस्टर पापडीकडची, आवाजाने अशी खणखणीत, की तिने इकडून हाक मारली तर बांधावरची बाई लस द्यायला पोर घेऊन पळत यायची. ती गेली तेव्हा तिचा आवाज विहिरीत राहिला. आता तिच्या घरचे तिला विचारतात, तू आजकाल इतकी हळू का बोलतेस? आणि एक डॉक्टर आला होता, तो पावसाळाभर राहिला, मग पळाला. त्याचा नुसता खोकला राहिला. "तो नको होता," दयाराम म्हणायचा, "पन दुसरं कायच ठेवन्यासारखं नव्हतं त्याच्याकं."

त्याची सून सुभद्रा. ती पाड्याची आशाताई, रिद्धीबरोबर घरोघर फिरायची. ती आतून ओरडायची, "बाबा, सिस्टरला कामं हायेत!" आणि बाबा आवाज खाली घेऊन पुढचं सांगायचा. रिद्धी त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळून कानात नळ्या घालायची. त्यामुळे त्याच्या गोष्टींचा मधला भाग तिने कधी ऐकलेलाच नसायचा, फक्त त्याच्या रक्ताचा ठोका ऐकलेला असायचा, आणि कधीकधी तिला वाटायचं की गोष्टीतला खरा भाग तोच असेल.

गेल्या गुरुवारी तिने सुभद्राला हळूच सांगितलं होतं, की एका हॉस्पिटलात जागा आहे, बोळिंजच्या घरापासून फार लांब नाही, ड्युटी ठरलेली, पगार वेळेवर. सुभद्राने लसींच्या निळ्या डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. "जावा सिस्टर," म्हणाली, "तुमची पोरगी लहान हाय." आणि बाहेर ओट्यावरून, ज्याला एरवी दोनदा सांगितल्याशिवाय ऐकू येत नसे, त्या म्हाताऱ्याने ते हातांचं काढलं.

बाथरूमच्या दाराशी पॉलिन भेटली. ती इथली मेट्रन, पापडीची, केस पांढरे पण चाल अशी की मागून पाहणाऱ्याला कॉलेजातली मुलगी वाटावी. "काय गं बाय, किती वेळ? मला वाटलं पळालीस." रिद्धीने ओले नसलेले हात ओढणीला पुसले. पॉलिनने ते पाहिलं. "नळ आला नाही ना? तो मेला माझेही हात ओळखत नाही. इथे पहिल्या दिवसापासून. माझ्या केबिनात मी पाण्याचा मग ठेवलाय." तिने हे अगदी सहज सांगितलं. चालता चालता रिद्धीने विचारलं, "सिस्टर, तुम्ही आधी कुठे होतात?" पॉलिन म्हणाली, "आधी म्हणजे? अगं, जव्हारकडे होते मी. तरुणपणी. चिखलातून चालत जायचं, एका घरात बाळंतीण, दुसऱ्या घरात तापाचं पोर. क्वार्टरला छप्पर नावाला. माझा क्लेमेंट म्हणाला, लग्न करायचं तर वसईत ये, मी काही तिकडे येत नाही." ती हसली. "आले. चुकलं असं नाही हं म्हणत मी." आणि मग जिन्याच्या वळणावर, काहीही विचारलेलं नसताना, "भात लावताना त्या बायका गातात ना, ते अजून झोपेत ऐकू येतं."

रिद्धीला वाटलं, आपण दोघी पाण्याखालून चाललोय. कॉरिडॉर निळसर होता, एसी एकसुरात घुमत होता, माणसं बिनआवाजाच्या चपला घालून ये-जा करत होती. कोणीच कोणाला हाक मारत नव्हतं. पाड्यावर तिने गाडी वळणावर घातली की पहिल्याच घरातून हाक यायची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, जणू तिलाच हातोहात पुढे पोचवत असावेत. "शिस्टर, आज उशीर!" "शिस्टर, जेवल्या का?" "शिस्टर, आमची म्हैस बगा ना जरा!" म्हशीचं मला कळत नाही हे तिने कितीदा सांगितलं. पण एकदा पाहिली होती. म्हैस बरी झाली होती, आपोआप. आणि तेव्हापासून त्या घरातले तिला म्हशीच्या तब्येतीबद्दल रोज सांगायचे. बोळिंजच्या सोसायटीत मात्र वॉचमन अजून विचारायचा, "कोणाकडे?" सातव्या मजल्यावर स्वतःच्या घरी जाताना ती नाव सांगायची, स्वतःचंच, पाहुणीसारखं.

पण हे सगळं गोड गोड आठवून चालणार नव्हतं, हेही तिला माहीत होतं. पाड्यावरच्या क्वार्टरच्या टाकीला तडा गेला होता तो तसाच. पाणी बोअरवरून हंड्याने आणायचं. लाईट गेली की लसींसाठी बर्फ कुठून आणायचा हा घोर. वरच्या ऑफिसला सांगून सांगून तोंड दुखलं होतं. तिथून सांगायचे, कळवलंय. तिथे राहायचं तर लहानग्या आर्याला कुठे ठेवायचं, आणि नाही राहायचं तर रोज महामार्गावरचे ट्रेलर, वसई फाट्याची कोंडी, कामणच्या रस्त्यावरची धूळ. तिचा नवरा प्रणव काही आकाशपाताळ एक करणारा माणूस नव्हता. तो अंधेरीहून दमून यायचा, कुकर लावायचा, आणि एकदाच म्हणाला होता, "तू सगळ्या पाड्याची आहेस ते कळलं मला. आमची कोणत्या वारी?" त्या वाक्यापायी तर ती आज इथे आली होती. आर्या बाहुलीला इंजेक्शन देत नसे. ती बाहुलीला दारातच उभी करायची आणि म्हणायची, "आज शिस्टर नाय. उद्या ये." हे ती त्या एका दिवशी शिकली होती, आजी आजारी म्हणून रिद्धी तिला पाड्यावर घेऊन गेली होती तेव्हा. दयारामबाबाने पोरीला मांडीवर घेऊन नकला करून दाखवल्या होत्या, नर्स नसलेल्या दिवसांच्या: बंद दार, दाराला कुलूप, कुलपाशी येऊन माणसं कशी उभी राहायची, आणि लांबून कोणीतरी कसं ओरडायचं. पोरगी खूप हसली होती. रिद्धीला मात्र त्या कुलपाशी उभ्या असलेल्या, नकलेतल्या, हवेतल्या माणसांचे चेहरे दिसले होते.

ऑफिसात भावेश नावाचा तरतरीत मुलगा होता. "या मॅडम, बसा. फक्त अंगठा घेऊ, म्हणजे हजेरीत नाव चढलं." पॉलिन म्हणाली, "दुपारपर्यंत काय ते सांग हं बाय, डहाणूची एक मुलगी कधीची थांबलीय. पण मला तूच हवीस. तिकडे तीन वर्षं टिकलेली पोरगी कुठेही टिकते." टेबलावर एक काळं यंत्र होतं, त्याच्या पोटात हिरवा उजेड. रिद्धीने अंगठा ठेवला. यंत्र बाईच्या आवाजात म्हणालं, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." तिने पुन्हा ठेवला. "कृपया पुन्हा प्रयत्न करा." भावेशने अंगठा पुसायला टिश्यू दिला. मग दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग एकेक करून सगळी बोटं, आणि यंत्रातली बाई तितक्याच सभ्यपणे सगळ्यांना नाही म्हणत गेली. "ब्लीचिंगने होतं असं," भावेश म्हणाला, "नाहीतर खूप हात धुतले तर. रेषा जातात." रिद्धी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. गुळगुळीत होती. रेषा कुठे गेल्या ते तिला माहीत होतं.

पाड्यावर एक रीत आहे. मूल जन्मलं की पाचवीला, ज्या बाईच्या हातात ते आधी आलं तिला बोलावतात, ओल्या तांदळाच्या पिठात तिचे दोन्ही हात बुडवतात आणि दाराशेजारच्या भिंतीवर उमटवतात. पूर्वी ते हात सुइणीचे असत. मग नर्सचे आले. पहिल्यांदा रिद्धीचे हात बुडवले तो दिवस तिला स्वप्नासारखा आठवत होता. त्याच्या काही दिवस आधी, एका दुपारी, कामणच्या रस्त्यावर कंटेनर आडवा झाला होता, रुग्णवाहिका पलीकडे अडकून भोंगा वाजवत होती, तो भोंगा इथपर्यंत डासासारखा ऐकू येत होता, आणि उपकेंद्राच्या टेबलावर एक कोवळी बाई सुभद्राचा खांदा चावत होती. त्यापूर्वी रिद्धी सगळं शिकलेली होती. पण एकटीने कधीच केलं नव्हतं. पोर आलं ते एकदम, मासा हातातून सुटावा तसं, फक्त उलट, मासा हातात यावा तसं. गरम, निसरडं, आणि रागावलेलं. सगळं निस्तरल्यावर तिने हात धुतले तरी ती ऊब धुतली गेली नव्हती. पाचवीला पीठ गार होतं, दुधासारखं, बोटांच्या मधून वर येणारं. म्हाताऱ्या बायकांनी तिचे पंजे भिंतीवर दाबून धरले, कोणी खांद्याला रेटून, कोणी पाठीला, जणू तिला भिंतीच्या आत ढकलत होत्या. मग तसे हात घरोघर उमटत गेले. त्यांच्या खाली, सारवणातून, आधीच्यांचे पुसट पंजे दिसायचे. मार्था सिस्टरचे रुंद. वैजयंताचे बारीक, करंगळी वाकडी. मावळतीचं ऊन तिरपं आलं की पाड्यातून चालताना दोन्ही बाजूंनी हातच हात, सगळे तिचेच, थांब म्हणतायत की ये म्हणतायत ते कधी कळलं नाही. "कितीदा उमटवणार," ती एकदा हसत म्हणाली होती, "झिजतील की माझे हात!" दयाराम म्हणाला होता, "झिजत नायत बाई. जमा होतात."

"काही टेन्शन नाही," भावेश सांगत होता, "तुमचं कार्डवर करू. डॉक्टरांचं पण दोघांचं कार्डवरच आहे. सोमवारपासून या."

"नको."

हे कोण बोललं ते रिद्धीला आधी कळलंच नाही. तिने पॉलिनकडे पाहिलं. पॉलिन तिच्याकडे बघत होती. "नको म्हणजे? चहा नको की नोकरी नको?"

"दोन्ही."

भावेशने यंत्राकडे पाहिलं, जणू त्याचीच चूक. पॉलिनने रिद्धीचा हात हातात घेतला, पालथा केला, सुलटा केला, भाजी निवडताना बघावं तसा बघितला, आणि सोडून दिला. "घरी काय सांगशील?" ती म्हणाली. मेट्रनच्या आवाजात नव्हे, अगदी हळू, विहिरीच्या तळातून यावं तशी.

घरी काय सांगशील. स्कूटी महामार्गावर आली तरी तेच वाक्य पुढच्या टायरखाली घोळत होतं. प्रणवचा मेसेज येऊन पडला होता, 'झालं का?' आणि पुढे एका पेढ्याचं चित्र. कसं सांगायचं, की त्यांनी हो म्हटलं आणि मी नको म्हटलं? कशासाठी, तो विचारेल. पाण्याच्या हंड्यासाठी? तडा गेलेल्या टाकीसाठी? आणि मी नळाचं सांगितलं तर तो माझ्या कपाळाला हात लावून बघेल. वसई फाट्याच्या कोंडीत, दोन ट्रेलरांच्या मधल्या गरम सावलीत पाय टेकून उभी असताना तिने एक गोष्ट रचली. साधी, शहाण्या माणसाला पटणारी. अंगठा उठला नाही, हजेरीचं यंत्र घेईना, म्हणून त्यांनीच नको म्हटलं. डहाणूच्या मुलीला घेतलं. मला वाईट वाटलं, पण काय करणार. तिने ती हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणून पाहिली. काचेवर वाफ धरली. बरी होती. यात कोणाचा दोष नव्हता, कोणी कोणाला सोडलं नव्हतं. प्रणव चिडेल तो यंत्रावर. तिला प्रश्न एवढाच पडला होता, की ही तोंडातून नीट बाहेर पडेल का. कधी सवय नव्हती. आणि मग कामणची गोदामं मागे पडली, धूळ खाली बसली, डोंगर एकदम जवळ आला, आणि तिच्या मनात आलं, की आधी दयारामबाबाला सांगून बघू. जन्मभर ज्याने गोष्टी रचण्याशिवाय दुसरं काही केलं नाही त्याच्या गळी उतरली तर प्रणवच्या उतरेलच.

वळणावर हाक आली नाही. पहिल्या घराचं दार लोटलेलं. दुसऱ्याचंही. भिंतींवरचे पंजे उन्हात तसेच होते, पण ओटे रिकामे, आणि तिला वाटलं, उशीर झाला, यांनी ऐकलं असेल, मी गेले असं धरून यांचा दिवस पुढे सरकलासुद्धा. तिने गाडी तशीच दामटली. सगळे उपकेंद्रापाशी होते. पोरं कडेवर, पदरात, झोळीत. बायका ओट्यावर, पायऱ्यांवर, जांभळाखाली. दार बंद होतं आणि त्याला कुलूप होतं, कारण किल्ली तिच्याकडे होती. सुभद्रा निळा डबा मांडीवर घेऊन त्याच्यावर ओला पंचा टाकून बसली होती. त्या कुलपासमोर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे तिने आधी पाहिलेले होते.

"शिस्टर, आज उशीर," शेवटी एक म्हातारी म्हणाली, आणि तिने तोंडाला पदर लावला.

रिद्धीने कुलूप काढलं. बोअरच्या हंड्यातून तांब्या बुडवून हातांवर पाणी घेतलं. पाणी आलं, गार, कोपरापर्यंत. ती उगाच जास्त वेळ धूत राहिली. मग एकेक पोर, एकेक मांडी, एकेक किंकाळी, आणि तिचे हात आपापलं काम करत राहिले, तिला न विचारता. बायका हळूहळू बोलायला लागल्या, कोणीतरी कोणाच्या तरी पोराच्या रडण्याची चेष्टा केली. शेवटी दयारामबाबा येऊन समोरच्या खुर्चीत बसला, कोणी बोलावलं नसताना, आणि मनगट पुढे केलं.

"मंग? गेलीस काय आलीस?" आज पहिल्यांदाच तो तिला एकेरीत बोलला होता.

"बाबा, नीट बोला!" सुभद्रा म्हणाली, पण तीही डब्याचं झाकण लावायची थांबली होती.

रिद्धीने त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत, अगदी सहज, ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. "बाबा, कोणी खरं मानणार नाही." बायका जवळ सरकल्या. तिने सांगितलं, की तिथल्या नळाने तिच्या हातांना ओळखलं नाही. सॅनिटायझरच्या डब्यानेही नाही. अंगठा यंत्रावर उठला नाही, दहाही बोटं उठली नाहीत. एक पोरगी तोंडावर हात ठेवून खिदळली. म्हातारा मान डोलवत होता, डोळे मिटून, जुनं गाणं ऐकावं तसा. "म्हणून मग," रिद्धी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी जसा हवा होता तसाच लागला, "त्यांनी नको म्हटलं मला. दुसऱ्या मुलीला घेतलं. मी तर सोमवारपासून जाणार होते. आता काय, आहेच इथे."

ओट्यावर कोणीतरी श्वास सोडला. बाबाने डोळे उघडले. त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं, आपल्या मनगटावर टेकलेल्या, आणि त्यांच्यावर आपला दुसरा हात ठेवला.

"ही नाडी माझी नाय धावत, तुझी धावतीय," तो म्हणाला, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असा. "नळाला पानी आलं नाय, खरं. आंगठा उठला नाय, त्येही खरं. पन त्यांनी तुला नको म्हटलं? खोटं बोलतेस बाई!"